घसा धरला, कानाला दडे बसले: घरी काय करायचं आणि डॉक्टर कधी गाठायचा

पावसाळा लागला की आमच्या काउंटरवर रोज एक तरी माणूस मान तिरकी करून उभा असतो. एक बोट कानात, दुसरा हात गळ्यावर. "घसा दुखूलाय, आन् कानाला दडे बसल्यात. कानात सोडायला काय तरी द्या बघू वहिनी." आमचं मेडिकल बेळगावात, टिळकवाडीत. खानापूर-जांबोटीकडून बाजाराला आलेले, वडगाव-शहापूरचे, झालंच तर सांबऱ्याला विमान पकडायच्या घाईतले, सगळे हेच मागतात. आणि बहुतेक वेळा मी कानात घालायचं काहीही देत नाही. त्यावरून काही गिऱ्हाइकं रागावून समोरच्या दुकानात गेलीत, तो भाग वेगळा.

का देत नाही ते आधी सांगते. ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

दार कानात नाही, नाकाच्या मागे आहे

कानाच्या पडद्यामागे एक छोटीशी पोकळी असते आणि तिच्यात हवा असते. ही हवा ताजी ठेवायला तिथून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब असते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाशी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते. आत्ता गिळून बघा. कानात अगदी बारीक 'टक्' झालं ना, तीच ती.

सर्दी-घसा झाला की नाक आणि घशाचं अस्तर सुजतं, तसं या नळीच्या तोंडाचंही सुजतं. खानापूरकडच्या जुन्या घरांत आषाढात लाकडी दार फुगून चौकटीत बसतं, तसंच हे. नळी उघडेना, की आत अडकलेली हवा कानाचं अस्तर हळूहळू शोषून घेतं, दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. यालाच आपण दडे बसणं म्हणतो. बाहेरचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, पण स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. चुरमुरे चावले तरी गिरणी चालू असल्यासारखं वाटतं. दाब बरेच दिवस कमी राहिला तर त्या पोकळीत पातळ पाणी साठतं. मग मान हलवली की आत काहीतरी डुचमळतं किंवा बुडबुडे फुटल्यासारखे वाटतात.

आता कानाच्या भोकातून कितीही थेंब सोडा, ते पडद्यापाशी थांबणार. पडदा शाबूत असेल तर पलीकडे एक थेंबही जात नाही. आणि पडदा फुटलेला असेल, तर ते थेंब पलीकडे जाऊच नयेत. म्हणून उपचार नाकाचा आणि घशाचा करायचा, आणि कानाला हात लावायचा नाही.

दुसरा एक प्रकार लोक यात मिसळतात. कान बंद नसतो, ऐकूही नीट येतं, पण गिळताना घशातून कळ निघते ती थेट कानात जाते. टॉन्सिल आणि मधला कान यांची एक मज्जातंतू सामाईक आहे, त्यामुळे घशाचं दुखणं मेंदूला कानाचं वाटतं. घसा उतरला की हा कान आपोआप बरा होतो.

आधी पाच मिनिटं तपासा

सगळे बंद कान सर्दीचे नसतात. औषध आणायच्या आधी एवढं बघा.

कानाच्या भोकासमोर जो छोटा मऊ हाडाचा उंचवटा असतो तो बोटाने दाबा, मग कानाची पाळी वर-मागे ओढा. तेवढ्यानेच कळ आली तर दुखणं बाहेरच्या नळीत आहे. पावसाळ्यात आमच्याकडे हे फार बघायला मिळतं. कान ओला राहतो, खाज सुटते, मग काडी, चावी, केसाची पिन आत जाते आणि वर बुरशी धरते. याला घशाचे उपाय लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी कान बघून साफ करावा लागतो.

आंघोळ किंवा पोहणं झालं आणि त्याच तासाभरात एक कान गप्पकन बंद झाला तर मळाचा संशय घ्या. कोरडा मळ पाणी पिऊन फुगतो. सर्दी असली तरी तो योगायोग असू शकतो.

आदल्या रात्री शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा गणपती विसर्जनात स्पीकरच्या भिंतीसमोर चार तास काढले असतील, आणि आता कान बंद, सूं सूं आवाज, तर ते दडे नव्हेत. तो आवाजाचा मार आहे. एक-दोन दिवस शांततेत काढा. तेवढ्यात सुटला नाही तर दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एकाच कानाला दडे बसले असतील तरच ती उपयोगी पडते. तोंड मिटा आणि 'म्ऽऽऽ' असा हुंकार भरा. आवाज कुठल्या बाजूला जास्त येतो ते ऐका. खात्री करायची असेल तर आधी चांगल्या दिवशी एका कानात बोट घालून हुंकार भरून बघा. आवाज बोट घातलेल्या बाजूलाच जातो. म्हणजे वाट कुठेतरी अडली असेल, मळाने, पाण्याने, दाबाने, तर हुंकार बंद कानातच मोठा येतो. हे बरंच निश्चिंत करणारं लक्षण आहे. पण हुंकार चांगल्या कानाकडे पळाला आणि बंद कान मुकाच राहिला, तर अडथळा नसून आतली नस दुखावलेली असू शकते. सर्दी-तापानंतर एका कानाचं ऐकणं अचानक जाण्याचा हा आजार असतो. त्यावर स्टेरॉइडचं औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर फायदा होण्याची शक्यता जास्त असते. दोन आठवडे उलटल्यावर ती बरीच कमी होते. दुर्दैवाने हेच रुग्ण 'सर्दीचे दडे असतील, सुटतील' म्हणून महिनाभर घरी बसतात. तेव्हा हुंकाराचा निकाल काहीही येवो, सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं ठळकपणे गेलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पहिले तीन-चार दिवस

दोन्हीकडे किंवा एकीकडे जडपणा आहे, घसा दुखतोय, नाक चोंदलंय, ताप नाही किंवा बारीक आहे. अशा नेहमीच्या दुखण्यात मी काउंटरवर जे सांगते तेच इथे लिहिते.

गुळण्यांनी सुरुवात करा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा. हळद घालायची तर घाला, माझी हरकत नाही. पण पाणी कोमटच हवं. लोक घसा 'शेकून निघावा' म्हणून कढत पाण्याच्या गुळण्या करतात आणि पडजीभ भाजून घेतात. गुळणीत मान मागे टाकून 'आऽ' म्हणायचं, नुसतं तोंडात खळखळवून थुंकायचं नाही.

नंतर नाक. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात कमी लोक हे करतात. पाणी उकळून कोमट होऊ द्या. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. स्वच्छ ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने वाकून एकेका नाकपुडीत सोडा आणि वाहू द्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी न उकळता नाकात घालू नका. पोटात गेलेलं पाणी आणि नाकात गेलेलं पाणी यांचा हिशेब वेगळा असतो. तयार सलाईन स्प्रेही मिळतो, पण घरचं पाणी तेच काम करतं.

शेंबूड शिंकरताना दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावायचा नाही. एक मिटायची, दुसरी हळू शिंकरायची, मग उलट. जोरात शिंकरलं की तोच शेंबूड नळीतून कानात ढकलला जातो. काही जणांचा नुसता जड असलेला कान एका रात्रीत ठणकायला लागतो, त्याची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

वाफ घ्या, पण भांडं टेबलावर ठेवून आणि लहान पोरं घरात नसताना. वाफेने चोंदलेलं नाक जरा वेळ मोकळं वाटतं, त्यापलीकडे ती आजार बरा करत नाही. उकळत्या पातेल्यावर चादर पांघरून बसलेल्या मुलांचे भाजलेले पाय मी पाहिलेत. मुलांना वाफ नकोच.

दुखण्याला पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात एकूण ३ ग्रॅमच्या आत राहा. इथे एक खाच आहे. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. सकाळी सर्दीची गोळी, दुपारी तापाची, रात्री डोकेदुखीची, असं करत माणूस नकळत दुप्पट डोस घेतो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर आम्हाला विचारा. ज्यांना यकृताचा त्रास आहे किंवा रोजची दारू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात डेंगीची साथ असताना, ताप अंगात मुरलेला असताना, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका.

नाक मोकळं करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, मी मोठ्या माणसांना देते. पण प्रत्येक वेळी बाटलीवर पेनाने तारीख लिहून. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे घातले की औषध सोडल्यावर नाक आणखी चोंदतं, मग ते उघडायला पुन्हा थेंब, आणि माणूस या बाटलीचा बांधील होतो. माझं एक गिऱ्हाईक दोन वर्षं खिशात बाटली घेऊन फिरत होतं. जास्त ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, काचबिंदू असेल तर हे थेंब आणि फिनाइलेफ्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. घालताना मान थोडी पुढे, नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने घातलं की दिशा आपोआप बरोबर येते.

आणि गिळत राहा. कोमट पाणी घोट घोट, पेज, सार, आल्याचा चहा, च्युइंगगम, खडीसाखर, जे चालेल ते. प्रत्येक आवंढ्याला ते दार उघडायचा प्रयत्न करतं. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही. रात्री एक उशी जास्त घ्या. सपाट झोपलं की सूज वाढते आणि कान रात्रीच जास्त ठणकतो.

नाक दाबून कानात फुंकर मारायची ती पद्धत सगळ्यांना माहीत असते. सर्दी जोरात असताना, शेंबूड पिवळा-घट्ट असताना, कान ठणकत असताना ती करू नका. त्यापेक्षा नाक चिमटीत धरून तोंड मिटून पाण्याचा एक घोट गिळा. यात बाहेरून जोर लागत नाही. सर्दी उतरणीला लागली की मग हळू फुंकर चालेल, अगदी हळू, दिवसातून दोन-चार वेळा. गालफडं फुगवून डोळे बाहेर येईपर्यंत जोर लावणारे लोक असतात, त्यातल्या काहींना नंतर चक्कर येते.

लसणीचं तेल

हा प्रकार आमच्याच घरात घडलाय, त्यामुळे चूक कुणा दुसऱ्याच्या माथी मारत नाही. मामंजींना सर्दी होऊन कान बंद झाला. मी दुकानात होते. सासूबाईंनी गोडेतेलात लसणीच्या चार पाकळ्या कडवल्या, बोटाने गरम-गार बघितलं आणि पळीने कानात सोडलं. बोटाची कातडी वेगळी आणि कानाच्या आतली वेगळी. दुसऱ्या मिनिटाला मामंजी भिंत धरून खाली बसले, घर गरगर फिरतंय म्हणाले आणि उलटी झाली. कानाशेजारीच शरीराचा तोल सांभाळणारा अवयव आहे. कानात फार गरम किंवा फार गार काही गेलं की त्याला शरीर फिरतंय असंच वाटतं. त्यात त्यांच्या त्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक होतं. ते कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं, मी सून असून आणि औषधांच्या दुकानात बसून कधी विचारलं नव्हतं. पुढे तीन आठवडे कान वाहिला.

तेव्हापासून घरात नियम आहे. डॉक्टरांनी पडदा बघितल्याशिवाय कानात काही जाणार नाही. तेल नाही, कांद्याचा रस नाही, पेरॉक्साइड नाही, आधीच्या वेळी उरलेले थेंब तर नाहीतच. कापसाच्या काड्या मळ बाहेर काढत नाहीत, आत ठोकून बसवतात. बाजारात सुई-चिमटा घेऊन कान साफ करणाऱ्यांपुढे मान टाकायचा तर प्रश्नच नाही.

बाहेरून शेक द्यायला मात्र काही हरकत नाही. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधा, पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवा, मग कानाच्या मागे आणि जबड्याखाली. सासूबाईंची हौसही भागते.

अँटिबायोटिक

"परवाच्या डॉक्टरांनी दिलेली ती पाचशेची गोळी द्या, तीन दिवसांची." हे दिवसातून दहा वेळा. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. दडे सोडवायला तर ते मुळीच उपयोगी नाही. सेफिक्झिमसारख्या औषधांना २०१४ पासून एच-वन यादीत घातलंय. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, विकली की वहीत नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते. मी नाही म्हणते तेव्हा शिष्टपणा करत नसते.

पण घशाला अँटिबायोटिक लागतंच असा एक प्रकार आहे, आणि तो ओळखला पाहिजे. खोकला नाही, नाक वाहत नाही, पण ताप चढलाय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात. शाळेच्या वयाच्या मुलांत, म्हणजे साधारण पाच ते पंधरा, हे दिसलं तर डॉक्टरांकडे न्याच. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या घसादुखीतून पुढे काही मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात आणि आपल्या देशात तो आजार अजून संपलेला नाही. अशा वेळी डॉक्टरांनी दहा दिवसांचा कोर्स दिला तर दहाच दिवस. तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं म्हणून बाटली बंद करायची नाही.

घशात राखाडी-पांढरा पडदा चिकटलेला दिसला, मान सुजली आणि मुलाचे लसीचे डोस चुकलेले असतील, तर घटसर्प असू शकतो. तासाभराचाही उशीर करू नका.

पोरांचा कान

लहान मुलांची ती नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. नाकातलं कानात जायला चढ नाही, सरळ वाट. म्हणून प्रत्येक सर्दीला त्यांचा कान धरतो. बोलता न येणारं मूल कान ओढतं, आडवं केलं की किंचाळतं, दूध तोडतं. दूध पाजताना डोकं वर हवं, बाटली तोंडात देऊन सपाट झोपवायचं नाही. चुलीचा धूर, घरातली विडी, यांनी त्या नळीची सूज हटत नाही.

औषधात हयगय नको. बारा वर्षांखाली निमेसुलाईड नाही, २०११ पासून त्यावर बंदी आहे. चार वर्षांखाली सर्दीचं मिश्र सिरप नाही. ॲस्पिरिन नाही. पॅरासिटामॉलचं सिरप वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम. बाटली बदलली की ताकद बदलते, कारण काही सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ असतं, काहींत २५०. वहिनीकडची बाटली म्हणून तोच चमचा चालत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काही करत बसू नका, उचला आणि जा.

सर्दी गेल्यावरही मूल टीव्ही मोठा करतंय, हाक मारली की 'काय?' म्हणतंय, बाई म्हणतात वर्गात लक्ष नाही, तर कानात पाणी राहिलेलं असू शकतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप जातं. मधल्या काळात पोराला 'ऐकत नाही' म्हणून झोडपू नका, पुढच्या बाकावर बसवायला सांगा. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.

सर्दीत घाट उतरताना

आपल्या भागाला हा एक जादा त्रास आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, आणि पणजी समुद्रकाठी. इथली हवा तिथल्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायला लागलं की बाहेरचा दाब भराभर वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. नळी मोकळी असेल तर दोन आवंढे गिळले की काम झालं. ती सुजलेली असेल तर? म्हापशाच्या एका लग्नाला मी चौथ्या दिवसाची सर्दी घेऊन गेले होते. घाटाच्या तिसऱ्या वळणावर उजव्या कानात कुणी बूच मारल्यासारखं झालं, साखळीला पोचेपर्यंत ठणका लागला. लग्नात सगळ्यांना मी नुसती हसून मान डोलवत होते, भटजी काय म्हणाले ते अजून माहीत नाही. परत येताना घाट चढला आणि कणकुंबीच्या आसपास कान बराच सुटला, कारण आतला दाब बेळगावचाच होता, बाहेरचा पुन्हा त्याला येऊन मिळाला. उरलेलं जडपण जायला आठ दिवस लागले.

तेव्हा शक्य असेल तर चार दिवस थांबा. नाहीच थांबता आलं तर कणकुंबी यायच्या अर्धा तास आधी नाकातले थेंब घाला (ज्यांना चालतात त्यांनी), उतार सुरू झाला की काहीतरी चघळा, दर मिनिटाला गिळा आणि झोपू नका. झोपेत आपण फार कमी गिळतो. बाळाला नेमकं उतरतानाच पाजा. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना, अनमोड घाटात, विमान खाली येताना, सगळीकडे हेच. कान ठणकत असेल, ताप असेल, तर विमान टाळाच.

कधी थांबायचं नाही

घसा साधारण आठवड्यात उतरतो. दडे त्यानंतर आठ-पंधरा दिवस रेंगाळतात, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण पाचव्या दिवशी घाबरलेली माणसं परत येतात. रोज थोडं कमी होत असेल, गिळताना मधूनच टक् होऊन सुटत असेल, तर वाट बघा. दोन-तीन आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर दाखवा.

पुढच्या गोष्टींना मात्र तारीख मोजायची नाही. तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, लाळ गळते, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतो: टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो. श्वास घेताना आवाज येतो किंवा धाप लागते: १०८ ला फोन. कानाच्या मागचं हाड सुजून लाल झालंय आणि कान पुढे ढकललाय. चेहऱ्याची एक बाजू लोंबतेय. मान अवघडून ताप चढलाय. उभं राहवत नाही इतकी चक्कर येतेय. कानातून पू किंवा रक्त आलंय. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. एक गंमत अशी की रात्रभर कळवळून पहाटे कान फुटून वाहिला की दुखणं एकदम थांबतं, आणि लोक म्हणतात बरं झालं, निचरा झाला. पडदा फाटलाय हो. बहुतेक वेळा तो भरून येतो, पण तोवर कानात पाणी जाता कामा नये आणि डॉक्टरांनी बघितलेलं असलं पाहिजे.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना एक वेगळं सांगायचंय. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका येतात. खकाण्याने, म्हणजे तंबाखूच्या बारीक धुळीने, त्यांचं नाक-घसा कायम धरलेला असतो आणि दडे त्यांना वर्षाचे बारा महिने. त्यांनी तोंडाला घट्ट फडकं बांधणं आणि घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं, याने फरक पडतो. पण जे तंबाखू, गुटखा खातात किंवा विडी ओढतात, त्यांचा एकच कान तीन आठवड्यांहून जास्त दुखतोय किंवा बंद आहे, गिळताना एकाच बाजूला टोचतं, आवाज बसलाय, मानेत न दुखणारी गाठ आहे, तर कानाचं औषध मागू नका. घसा आणि नाकाची मागची बाजू दुर्बिणीने बघून घ्या. घशाच्या गाठी कधीकधी आधी कानातच दुखतात.

डॉक्टरांपुढे

साधा घसा असेल तर गावचा डॉक्टर पुरतो. कान बघायला मात्र कानाची बॅटरी असलेला डॉक्टर गाठा. ज्यांनी कानात डोकावलंच नाही त्यांच्याकडून कानाचे थेंब घेऊ नका. बेळगावच्या सिव्हिलमध्ये कान-नाक-घशाची ओपीडी आहे. निपाणीकडची माणसं कोल्हापूर-मिरज जवळ पडतं म्हणून तिकडे जातात, तेही ठीक.

सरकारी दवाखान्यात समोर कन्नड बोलणारे डॉक्टर असले आणि आपली गाडी अडली तर एवढं पुरतं. घसा दुखतो म्हणजे 'गंटलु नोवु'. कान दुखतो म्हणजे 'किवी नोवु'. ऐकू येत नाही, 'किवी केळिसतिल्ल'. डावीकडे 'एडगडे', उजवीकडे 'बलगडे', चक्कर 'तले सुत्तु'. बाकी हाताने दाखवलं तरी कळतं. सुरुवात कधी झाली, आधी घसा की आधी कान, आधी कधी कान वाहिला होता का, आणि घरी कानात काही घातलंय का, हे चारही न विचारता सांगा. शेवटचं लाज न बाळगता सांगा.

त्यांनी कानात प्लास्टिकची गुंडी बसवून यंत्रावर पडद्याच्या हालचालीचा आलेख काढला तर घाबरू नका, मिनिटभराचं काम असतं आणि पडद्यामागे पाणी आहे की नुसता दाब कमी आहे ते त्यात दिसतं. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला तर तो आणि माझ्या दुकानातले ते तीन-पाच दिवसांचे थेंब एक नव्हेत. फवाऱ्याचा गुण यायला काही दिवस लागतात आणि तो डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालतो. दोन दिवस मारून 'गुण नाही' म्हणून परत आणलेल्या बाटल्या मी घेत नाही.